वीस टक्क्यांची रेघ

ईसीजीचा कागद शाईने छापत नाहीत. त्यावर उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि यंत्रातली तापलेली पट्टी त्या लेपावर हृदयाची रेघ उमटवते. ही रेघ टिकाऊ नसते. ऊन, उजेड आणि प्लास्टिकचा सततचा संपर्क यांनी ती फिकी पडत जाते, नाहीतर सगळा कागदच काळवंडतो. नांदेड जिल्ह्यातल्या भोकरला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. फौजेतून पेन्शनीवर आलेला माणूस आपली सगळी कागदं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवतो आणि पेटी पत्र्याखाली असते. डिस्चार्ज बुक राहते, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ राहतो, पदकाचं प्रमाणपत्र राहतं. पंधरा वर्षांपूर्वी कुठल्याशा छावणीच्या दवाखान्यात मध्यरात्री काढलेला ईसीजी मात्र राहत नाही.

लयीच्या विकारात तो कागदच साक्षीदार असतो. पाय गेलेल्या जवानाला वैद्यकीय मंडळापुढे काही सिद्ध करावं लागत नाही. पाय पहिल्या बोर्डालाही नसतो, दहाव्यालाही नसतो. कान गेला तर यंत्र सांगतं. हृदयाची लय मात्र बिघडते आणि परत जागेवर येते. रात्री दोन वाजता नाडी दीडशेच्या पुढे पळाली, घाम फुटला, घेरी आली, आणि सकाळी मेडिकल ऑफिसरसमोर उभं राहिल्यावर नाडी बहात्तर. बोर्डाच्या दिवशी तर बहुधा सगळं ठीकच असतं. मग माणूस आजारी होता की नाही, किती होता, आणि तो आजार फौजेने दिला की घरून आला, हे ठरवायला मंडळाकडे कागदाखेरीज काही उरत नाही.

लष्करातल्या हृदयविकाराच्या अपंगत्वाबद्दल लिहायचं ठरवलं ते याच कारणाने. नांदेड जिल्ह्याच्या या टोकाला, तेलंगणाच्या सीमेजवळ, फौज ही फार मोठी गोष्ट आहे. पहाटे भोकर-किनवट रस्त्याच्या कडेने पोरं सोळाशे मीटरचा सराव करताना दिसतात. भरतीच्या मैदानावर सोळाशे साडेपाच मिनिटांत मारले तर पूर्ण गुण मिळतात. कोरडवाहू शेती, कापूस आणि सोयाबीन, पावसाचा भरवसा नाही. घरातला एक पोरगा फौजेत लागला की त्या घराचा पाया बदलतो. त्या मैदानावर ज्याचं हृदय पास झालं, तेच हृदय अठरा-वीस वर्षांनी चुकत-माकत चालू लागलं, तर त्याचं काय करायचं हा प्रश्न साधा वाटतो. त्याचं उत्तर मात्र साधं नाही.

हृदयाला स्वतःची वीज असते. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका आहे. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी तो दाखवून दिला. तिथून ठोका सुटतो, मधल्या गाठीशी क्षणभर थबकतो आणि मग खालच्या कप्प्यांत पसरतो. मधली ती गाठ जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये वर्णन केली होती. या वाटेवर कुठेही गडबड झाली की लय बिघडते. वरचे कप्पे नुसते थरथरू लागले तर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. जन्मतःच एक जास्तीची वाट असली तर ठोका त्या वाटेने गोल फिरत राहतो आणि नाडी अचानक दोनशेकडे जाते. मधला मार्ग पूर्ण बंद पडला तर पेसमेकर बसवावा लागतो. आणि खालचे कप्पे थरथरू लागले, तर काही मिनिटांचाच प्रश्न असतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. लहानपणी घसा दुखून सांधे सुजलेले, तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलेलं नसतं. त्या संधिवाती तापाने झडप आकसते आणि तिशी-पस्तिशीत वरचा कप्पा फुगून थरथरायला लागतो. पाश्चात्त्य देशांत एट्रियल फिब्रिलेशन हा बहुतांशी म्हाताऱ्यांचा आजार आहे. इथे तो ऐन नोकरीच्या वयातही येतो. उंचावरचा विरळ प्राणवायू, वाळवंटात घामावाटे जाणारे क्षार, रात्रपाळ्या, वाढलेला रक्तदाब, थायरॉईड, दारू ही सगळी लय बिघडायची कारणं आहेत. यातली काही फौजेची देणगी आहेत, काही नाहीत, आणि एकाच छातीत ती मिसळलेली असतात.

बोर्डापुढे दोन प्रश्न असतात. अपंगत्व किती टक्के? आणि ते सेवेमुळे उद्भवलं का, किंवा सेवेमुळे बळावलं का? दोन्हींची उत्तरं अनुकूल असली तरच पेन्शनीत अपंगत्वाचा भाग मिळतो. १९६१ च्या लष्करी पेन्शन नियमावलीतल्या १७३ व्या कलमाने वीस टक्क्यांची अट घातली. वीसच्या खाली काही नाही.

हा आकडा घरात काय करतो ते पाहू. समजा, एका हवालदाराचा शेवटचा हिशेबी पगार ४०,००० रुपये होता. शंभर टक्के अपंगत्वाला पगाराच्या तीस टक्के, म्हणजे १२,००० रुपये महिना. वीस टक्क्यांना त्या प्रमाणात २,४०० होतात. पण पाचव्या वेतन आयोगानंतर आकडा वर ओढायची पद्धत आली: पन्नासच्या खालचं अपंगत्व पन्नास धरायचं, पन्नास ते पंच्याहत्तर असेल तर पंच्याहत्तर, त्याच्या वर शंभर. म्हणजे वीस टक्केवाल्याला पन्नासचे ६,००० मिळतात, वर महागाई भत्ता. एकोणीस टक्केवाल्याला शून्य. एका टक्क्याच्या फरकाने महिन्याला सहा हजार, आणि तेही आयुष्यभर, कारण २००१ पासून बोर्डाने दिलेला आकडा सहसा कायमचा धरला जातो. एकोणीस आणि वीस यांतला फरक कुठलाही हृदयरोगतज्ज्ञ छातीवर नळी ठेवून सांगू शकणार नाही. तरी ही रेघ कुणीतरी मारतो, आणि मारताना त्याच्यासमोर असतो एक शांत नाडीचा माणूस.

खरी अडचण मात्र दुसऱ्या प्रश्नात आहे.

लष्करी डॉक्टरांसाठी पेन्शनीची एक मार्गदर्शिका आहे. तिच्या २००२ च्या आणि २००८ मध्ये सुधारलेल्या आवृत्तीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी एक गोष्ट विचारली जाते: आजार सुरू होण्याआधीच्या चौदा दिवसांत हा माणूस काय काम करत होता? सियाचिनसारख्या उंचीवर होता का, कारवाईत होता का, की शांततेच्या ठिकाणी? चौदा दिवसांचा हा तक्ता कमांडिंग ऑफिसरकडून भरून येतो. त्यात काही खास दिसलं नाही आणि पोस्टिंग पुणे, जबलपूर, सिकंदराबाद असं शांततेचं असलं, तर शेरा ठरलेला: सेवेमुळे उद्भवलेला नाही, बळावलेलाही नाही.

याच फौजेचा दुसरा नियम याच्याशेजारी ठेवून बघावा. नऊ हजार फुटांवर जाणाऱ्या जवानाला फौज थेट वर पाठवत नाही. नऊ ते बारा हजार फुटांसाठी सहा दिवस, पंधरा हजारांपर्यंत आणखी चार, त्याच्या वर आणखी चार, असे चौदा दिवस शरीर उंचीला जुळवून घ्यायला दिले जातात. उंची माणसाच्या हृदय-फुप्फुसाला काय करते, हे फौजेइतकं कुणाला ठाऊक नाही. मग तीन वर्षं त्या उंचीवर काढून खाली आलेल्या माणसाच्या छातीचा हिशेब खालच्या चौदा दिवसांवरून का व्हावा? हृदयविकार चौदा दिवसांत जन्मत नाही. रक्तदाब दहा वर्षं भिंत जाड करत असतो, वरचा कप्पा हळूहळू ताणला जात असतो, आणि एके दिवशी लय सुटते. ती कुठल्या गावात सुटली हा निव्वळ योगायोग. पुण्याच्या परेड मैदानावर सुटली म्हणून तिचं मूळ पुण्यात शोधणं मला वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही पटत नाही.

न्यायालयांनाही हे पटलेलं नाही, पण तिथवर पोचायला वेळ लागला. आधी बराच काळ वैद्यकीय मंडळाचं मत अंतिम मानायचं अशी धारणा होती. २००९ च्या दामोदरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या मताला अग्रक्रम दिला. मग २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंह यांच्या खटल्याचा निकाल आला. १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झालेला हा जवान १९९४ मध्ये अपस्माराच्या झटक्यांमुळे बोर्डआऊट झाला होता. अपंगत्व वीस टक्के. मंडळाने म्हटलं, हा शरीराच्या घडणीतलाच दोष, फौजेचा संबंध नाही. न्यायालयाने १९८२ चे नियम उघडून वाचले. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की भरतीच्या वेळी जी व्याधी नोंदवलेली नाही, ती नव्हती असंच धरायचं. पुरावा देण्याचा भार जवानावर नाही. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला. आजार घरूनच आला असं मंडळाला म्हणायचं असेल, तर भरतीच्या तपासणीत तो का सापडला नाही याचं कारण त्याने लिहायला हवं. कारण लिहिलेलं नव्हतं. जवान जिंकला.

पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंह यांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं: सैन्याने ज्याला अपंगत्वामुळे घरी पाठवलं, त्याचं अपंगत्व वीस टक्क्यांच्या वरच आहे असं धरावं. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने आकडा वर ओढायचा फायदा मुदत संपवून घरी आलेल्यांनाही दिला. २०१५ मध्ये राजबीर सिंह यांच्या खटल्यातही तीच दिशा राहिली. सगळी वाट एकाच दिशेने गेली असं मात्र नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये नरसिंह यादव यांच्या प्रकरणात, मानसिक आजाराबाबत, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ही गृहीतकं डोळे मिटून लावायची नाहीत, प्रत्येक आजाराचं स्वरूप पाहायचं. हेही बरोबरच आहे. जन्मतः जास्तीची वाट असलेल्या हृदयाबद्दल मंडळ म्हणू शकतं की ही वाट फौजेने बांधलेली नाही. पण त्या वाटेवरून ठोका धावू लागला तो कशाने, हा प्रश्न तरी उरतोच, आणि त्याचं उत्तर एका छापील ओळीत देता येत नाही.

मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने माजी सुभेदार गवस यांच्या मधुमेहाच्या प्रकरणात नेमकं हेच धरलं. आजार शांततेच्या ठिकाणी सुरू झाला एवढ्यावर भागणार नाही, मंडळाने कारण द्यावं. त्याच वर्षी जुलैच्या पहिल्या दिवशी त्याच न्यायालयाने अपंगत्व पेन्शनीविरुद्धच्या केंद्र सरकारच्या सुमारे ३०० याचिका एकाच निकालात फेटाळल्या. तीनशे माणसं सशस्त्र दल लवादात जिंकली होती आणि सरकार त्यांच्या मागे उच्च न्यायालयात गेलं होतं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी हे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. आपल्याच जवानांविरुद्ध अपिलांमागून अपिलं करण्याच्या सवयीवर त्या समितीने कडक लिहिलं होतं. दहा वर्षांनी तीनशे याचिका.

सैनिकाच्या हृदयाचा हा वाद आपल्या फौजेपेक्षा जुना आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८७१ मध्ये, जेकब दा कोस्टा या डॉक्टरने तीनशेच्या आसपास सैनिकांचा अभ्यास छापला. धडधड, छातीत दुखणं, दम लागणं, आणि तपासलं तर हृदयात दोष सापडत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेत अशा सैनिकांची रीघ लागली. कागदावर लिहायचे 'हृदयाची बिघडलेली क्रिया' आणि माणूस पेन्शनीवर. तेव्हा थॉमस लुईस यांना हाताशी धरलं गेलं. हेच लुईस, ज्यांनी १९०९ मध्ये एट्रियल फिब्रिलेशनची रेघ ईसीजीवर ओळखली होती. लयीच्या विकाराचा त्या काळातला सर्वांत मोठा जाणकार हॅम्पस्टेडच्या आणि नंतर कोलचेस्टरच्या लष्करी रुग्णालयात जवानांना पायऱ्यापायऱ्यांनी वाढवत व्यायाम देत बसला. किती व्यायाम झेपतो त्यावरून कोण परत खंदकात जाईल, कोण हलक्या कामावर, कोण घरी, हे ठरे. १९१८ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. लुईस यांनी एका दिवसाच्या नाडीवर माणसाची किंमत केली नाही. त्याला आठवडेच्या आठवडे बघितलं. त्यात फौजेचा स्वार्थ होता, माणसं परत खंदकात हवी होती. तरी पाहणी खरी होती.

आजची अमेरिकी पद्धत आकड्यांची आहे, आणि तिच्यातही खाचा आहेत. तिथे दर दहा टक्क्यांची पायरी आहे. नोव्हेंबर २०२१ पूर्वी वरच्या कप्प्यांच्या लयविकाराचे वर्षाला चारपेक्षा जास्त झटके ईसीजी किंवा चोवीस तासांच्या होल्टर यंत्रावर नोंदलेले असले तर तीस टक्के, एक ते चार असले तर दहा. लय कायमचीच बिघडलेली असली तरी दहाच. ज्याची लय कधीच जागेवर येत नाही त्याला ये-जा करणाऱ्यापेक्षा कमी! मग नियम बदलला. आता उपचार मोजतात: वर्षात पाच किंवा जास्त वेळा शिरेतून औषध, विजेचा झटका किंवा अॅब्लेशन लागलं तर तीस, त्याहून कमी वेळा लागलं किंवा रोजच्या गोळीवर भागत असलं तर दहा. खालच्या कप्प्यांचा जीवघेणा विकार होऊन छातीत डिफिब्रिलेटर बसवलेला असला तर थेट शंभर. ही मोजणी निर्दोष नाही. जो दवाखान्यात जाऊ शकतो त्याचेच उपचार मोजले जातात. पण नियम छापलेला आहे, कुठल्या आकड्याला काय लागतं ते कुणालाही वाचता येतं, आणि तो बदलला तेव्हा कारण सांगावं लागलं. शिवाय तिथे दहा टक्केवालाही रिकाम्या हाताने जात नाही.

भोकरहून मुदखेडकडे निघालं की रस्त्यात आणि रेल्वेतही केंद्रीय राखीव पोलीस दलाची पोरं भेटतात. मुदखेडला दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. आमच्याकडे घरच्यांच्या बोलण्यात सीआरपीएफही 'मिल्ट्री'च. छत्तीसगडच्या जंगलात किंवा काश्मीरमध्ये उभा असलेला हा जवान आणि त्याच्या शेजारच्या घरातला मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान, दोघांची छाती सारखीच धडधडते. पण सीआरपीएफवाला नियमाने नागरी कर्मचारी आहे. त्याला केंद्रीय असाधारण पेन्शन नियम लागतात, सशस्त्र दल लवादाचं दार त्याला बंद, दाद मागायची तर उच्च न्यायालयात. माजी सैनिकांसाठीचा ईसीएचएस दवाखानाही त्याच्यासाठी नाही. घरात दोन भाऊ, एक या दलात आणि एक त्या दलात, असं असलं की ही तफावत जेवणाच्या ताटापर्यंत येते.

आणि २०१६ चा अपंग हक्क कायदा? त्याच्या यादीत एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. त्यात हृदय नाही. पेसमेकर बसवलेल्या माणसाला जिल्हा रुग्णालयातून अपंगाचं कार्ड मिळत नाही. म्हणजे सैनिकाच्या हृदयाला टक्के देणारी जागा एकच, त्याच्या दलाचं वैद्यकीय मंडळ, आणि तिथे चुकलं की दुसरीकडून टक्के मिळवता येत नाहीत.

चूक दुरुस्त करायची वाट लांब आहे. बोर्डाची कागदं रेकॉर्ड ऑफिसकडून मागवायची: कुणाचं बेळगावला, कुणाचं सागरला, कुणाचं नाशिक रोडला. ती आली की पहिलं अपील, तिथे नाकारलं की दुसरं, मग मुंबईला लवाद. जिल्ह्याचं सैनिक बोर्ड नांदेडला. नंदीग्राम एक्सप्रेस भोकरवरून मुंबईला जाते, पण प्रत्येक तारखेला एक रात्र जायला, एक रात्र यायला, आणि तारीख पुढे पडली तर पुन्हा तेच. वकिलाची फी वेगळी. पेन्शन 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीवर गेल्यापासून हयातीचा दाखलाही बहुधा अंगठ्याने द्यायचा, आणि शेतात राबलेल्या अंगठ्याचे ठसे यंत्र बऱ्याचदा ओळखत नाही. अशा माणसाने चौदा दिवसांच्या तक्त्याविरुद्ध लढायचं.

उशिराची किंमतही आहे. २००८ च्या नियमांत एक ओळ आहे: निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला, तर पुरावा देण्याचा भार दावेदारावर. त्याच वर्षीच्या तरसेम सिंह निकालाने थकबाकी दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. वीस वर्षं माहितीच नव्हती म्हणून गप्प बसलेला माणूस जिंकला तरी सतरा वर्षांचे पैसे गेले. आणि पंधरा वर्षांनी पुरावा द्यायचा म्हणजे काय द्यायचं? तो फिका पडलेला कागदच.

घरच्या बाईची गोष्ट याहून कठीण. सुट्टीवर आलेला जवान रात्री झोपेत गेला. शवविच्छेदन केलं तर रक्तवाहिन्या मोकळ्या, स्नायू ठीक. लयीचा विकार मेल्यावर दिसत नाही; वीज थांबली की तिची खूण राहत नाही. मृत्यू सेवेमुळे झाला असं मानलं गेलं तर विधवेला विशेष कुटुंब पेन्शन, शेवटच्या पगाराच्या साठ टक्के. नाही मानलं तर साधी, जी पहिल्या काही वर्षांनंतर तीस टक्क्यांवर येते. अर्धा हिशेब एका न दिसणाऱ्या गोष्टीवर. नवऱ्याला आधी कधी घेरी आली होती का, छातीत फडफड होते असं तो फोनवर म्हणाला होता का, युनिटच्या दवाखान्यात दाखवलं होतं का, हे तिला सांगता आलं आणि त्याची कुठे नोंद सापडली, तरच आशा.

सरकारची बाजू मी ऐकलेली नाही असं नाही. वीस वर्षं नोकरी करून, बढत्या घेऊन, निवृत्तीच्या महिन्यात रक्तदाब नोंदवून अपंगत्व घेणारे आहेत. २०२३ च्या कॅग अहवालात दिसलं की निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत अपंगत्व पेन्शन मिळालेल्यांचं प्रमाण जवानांपेक्षा दुपटीहून जास्त आहे. यावरून नियम कडक करण्याचा निष्कर्ष काढला गेला. मला त्या आकड्यात वेगळं दिसतं. बर्फात, खंदकात, गस्तीवर जवान जास्त काळ असतो. आजार सिद्ध करण्याची कला मात्र अधिकाऱ्याला जास्त येते. त्याला कुठला फॉर्म कधी मागायचा हे ठाऊक असतं, त्याचे कागद इंग्रजीत नीट लावलेले असतात. कडक नियमाने तो थोडा अडतो, जवान पुरता अडतो.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आणि नवी मार्गदर्शिका लागू झाली. सेवेत राहून मुदत पुरी करणाऱ्यांसाठी अपंगत्व पेन्शनीऐवजी 'इम्पेअरमेंट रिलीफ' असं नवं नाव आलं. त्याआधी निवृत्त झालेल्यांना जुनेच नियम लागतात, हे भोकर परिसरातल्या जुन्या फौजींना मुद्दाम सांगायला हवं, कारण नवं ऐकून 'आता काही उपयोग नाही' म्हणत फाईल बंद करणं सोपं असतं.

आणि जे आता फौजेत आहेत, किंवा सोळाशे मीटरच्या तयारीत आहेत, त्यांना आणखी एक गोष्ट. छातीत धडधड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती लपवू नका. मेडिकल कॅटेगरी पडेल, कोर्स जाईल, बढती अडेल, या भीतीने जवान धडधड लपवतो आणि सुट्टीवर येऊन खासगी डॉक्टरकडून गोळी घेतो. ती गोळी सरकारी कागदावर कुठेच नसते. धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. ईसीजीचं यंत्र आता तालुक्याच्या दवाखान्यातही असतं. झटका क्वचित येत असेल तर चोवीस तासांचं होल्टर लावून घ्या. त्या ईसीजीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटोही घ्या, त्यावर तारीख, वेळ, ठिकाण लिहा. युनिटच्या दवाखान्यात नोंद झाली की नाही ते वाचून बघा. बोर्डाची प्रत हातात आल्याशिवाय सही करून मोकळे होऊ नका. 'सेवेमुळे नाही' असं लिहिलं असेल तर त्याच्यापुढे कारण लिहिलं आहे का ते बघा.

अग्निवीरांसाठी हे जास्त निकडीचं आहे. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. चार वर्षं २०२६ च्या अखेरीस पुरी होतील. त्यातले बहुतेक पेन्शनीशिवाय, ईसीएचएसशिवाय घरी येतील. सेवेमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी मदत आहे: शंभर टक्क्यांना ४४ लाख, पंच्याहत्तरला २५, पन्नासला १५. इथेही खालची रेघ वीस टक्क्यांचीच. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराची लय बिघडली, तर ती भरतीआधीची की चार वर्षांतली, याचा निवाडा पुन्हा त्याच मंडळाकडे आणि त्याच कागदांवर होणार. किनवट रस्त्यावर पहाटे पळणाऱ्या पोरांनी भरतीच्या आधी एक ईसीजी काढावा आणि त्याची झेरॉक्स तारखेसकट जपून ठेवावी. भरतीच्या दिवशी हृदय ठीक होतं, हे उद्या दाखवावं लागलं तर तो कागद त्यांच्याजवळ असेल.